‘येऊ नको’ म्हणाला म्हणून

२०२१च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा. सकाळी साडेसहाला मित्राचा फोन आला. “तात्या गेले रात्री,” एवढं म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाला, “येऊ नको. मिरजेतच सगळं उरकणार हायत. गावाकडं आणू देत न्हाईत.” मी “बरं” म्हणालो. मग “काळजी घे” म्हणालो. त्या दिवसांत आपण सगळेच सगळ्यांना ते म्हणत होतो. फोन ठेवला. तेव्हा पहिल्यांदा मनात जे आलं ते दुःख नव्हतं. हुश्श होतं. त्यानंच ‘येऊ नको’ म्हटल्यामुळे मी सुटलो होतो.

दुःख नंतर आलं, भरपूर आलं. पण आधी हुश्श आलं, हे मी पुढची तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मी साताऱ्यात होतो, तो तासगाव तालुक्यातल्या त्याच्या गावात. तीन तासांचा रस्ता. त्याच आठवड्यात जिल्ह्याबाहेर खासगी गाडीनं जायला ई-पास सक्तीचा झाला होता. पण अंत्यविधी, गंभीर आजारपण अशा कारणांसाठी तो मिळत होता. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि त्या अंत्यविधीला वीसही नव्हते, चार होते. मित्राचे वडील सरकारच्या व्याख्येतल्या ‘कुटुंबात’ बसतात की नाही, हे विचारायची वेळ मी येऊच दिली नाही. अर्जच केला नाही.

आता सरळ प्रश्न. मी चुकलो का? मला वाटतं, नाही. घरात मधुमेह असलेली आई होती. सातारा जिल्ह्यात दुसऱ्या लाटेत रोज येणारे आकडे बघून पोटात गोळा यायचा, बेडसाठी लोक रात्र-रात्र फोन फिरवत होते. मी गेलो असतो तर तिथं काही उजेड पाडला नसता आणि येताना काय घेऊन आलो असतो ते देव जाणे. आजही तीच परिस्थिती आली तर मी तोच निर्णय घेईन. पण निर्णय बरोबर होता म्हणून विषय मिटतो का? माझं सगळं अडतं ते इथं. निर्णय बरोबर होता, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की मलाच संशय यायला लागला. मिटलेल्या गोष्टी आपण इतक्या वेळा सांगत नाही.

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९६५ साली एका निबंधात यावर एक साधी गोष्ट मांडली आहे. दोन समजुती एकमेकींच्या आड आल्या आणि त्यातली एक खोटी ठरली, तर आपण ती टाकून देतो, मागे काही राहत नाही. कर्तव्यांचं तसं नसतं. दोन कर्तव्यं आडवी आली आणि आपण एक निवडलं, अगदी योग्य तेच निवडलं, तरी दुसरं खोटं ठरत नाही. ते तिथंच राहतं. आपल्याकडे उधारीच्या वहीत याला चांगला शब्द आहे : बाकी. दुकानदार समजूतदार असला, तुमची अडचण खरी असली, तरी वहीत बाकी ही बाकीच असते.

तात्यांची बाकी माझ्याकडे किती होती ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली होती. तात्यांचं गाव नदीपासून लांब, उंचावर, द्राक्षाच्या पट्ट्यात. पुराचं पाणी तिथं शिवलं नव्हतं. तात्या दारोदार फिरून भाकरी गोळा करत होते. धोतरात भाकरी बांधून आणायच्या, ट्रॉलीत अंथरलेल्या प्लास्टिकवर रचायच्या, वर चटणीच्या पिशव्या. आम्ही दोघं त्या ट्रॉलीत बसून निघालो. पुढचे पाच दिवस आम्ही ओळखीपाळखी नसलेल्या माणसांच्या अंगाला अंग लावून झोपलो, एका तांब्यातलं पाणी प्यायलो, म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बाहेर आणलं. माणुसकी म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर आमचं उत्तर तयार होतं : जवळ जाणं. पुरानं आम्हाला ते शिकवलं होतं, आणि ते शिकून पुरते आठ महिनेही झाले नव्हते तोवर उलटं शिकायची वेळ आली. दूर राहा, तीच माणुसकी.

हे उलटं शिकणं सांगली जिल्ह्याच्या वाट्याला अगदी सुरुवातीलाच आलं. २३ मार्च २०२० रोजी इस्लामपुरात एका कुटुंबातल्या चौघांना कोरोना झाल्याचं निघालं. ते सौदी अरेबियाची यात्रा करून आले होते. बघता बघता त्याच गोतावळ्यातला आकडा पंचविशीपर्यंत गेला. पुढं प्रशासनानं ज्या कडकपणे ती साखळी तोडली त्याचं ‘इस्लामपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. एप्रिलमध्ये माणसं बरी होऊन घरी यायला लागली. मला मात्र त्या आठवड्यातला माझा फोन आठवतो. अहवाल यायच्या आत नावं यायची. घर कुठलं, गल्ली कुठली, कोण कुणाच्या लग्नाला गेलं होतं. मीही एक मेसेज पुढं ढकलला होता. ‘खात्रीलायक’ असं वर लिहिलेलं होतं. त्या माणसांपासून लांब राहणं गरजेचं होतं, यात वाद नाही. पण आम्ही नुसते लांब राहिलो नव्हतो. आजारी पडल्याचा गुन्हा आम्ही त्यांच्यावर लावला होता आणि वरून त्यांचा धर्मही मोजला होता.

मग मे महिन्यात मुंबईकर गावी आले. पाटण, जावळीकडच्या वाड्यांमधून निम्मं गाव मुंबईत कामाला असतं. त्यांच्या पैशावर गावातली देवळं उभी राहतात, जत्रेत त्यांच्या वर्गणीशिवाय पान हलत नाही. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले देशभरातल्या सराफ पेठांमधून परत आले, त्यांचंही तेच. गावोगाव वेशीवर काटे टाकलेले, दगड रचलेले. शाळेत चौदा दिवस. डबा फाटकाबाहेर ठेवायचा. पण याही बाबतीत सगळी गावं सारखी नव्हती. काही ठिकाणी डबा ठेवणारी बाई फाटकाबाहेर वीस पावलांवर जाऊन उभी राहायची आणि आतला माणूस जेवेपर्यंत ओरडून गप्पा मारायची. काही ठिकाणी डबा ठेवून लोक पळायचे. अंतर दोन्हीकडे तेवढंच.

त्या काळात ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द इतका वापरला गेला की तो ऐकून थांबायला कुणाला वेळ नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२०मध्येच ‘सोशल’ऐवजी ‘फिजिकल’ म्हणायला सुरुवात केली, कारण लांब ठेवायची ती शरीरं, नाती नव्हे. आपल्याकडे तो पहिलाच शब्द टिकला. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला तर तो खटकायलाच हवा होता. मी ज्या रस्त्यानं रोज जातो त्या रस्त्यावरच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. त्या शाळेतल्या सामाजिक अंतराबद्दल बाबासाहेबांनी पुढं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिलं आहे. बसायला वेगळं गोणपाट, ते संध्याकाळी स्वतःच घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावायचा नाही. नळ स्वतः उघडायचा नाही, शिपायानं उघडला तर पाणी. शिपाई नसला तर तहान तशीच. साताऱ्यात न्हावी हवे तेवढे होते, पण यांचे केस कापायला एकही नाही, म्हणून थोरली बहीण कापायची. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही मुलं मसूर स्टेशनवर उतरली तेव्हा गाडीवान दुप्पट भाडं घेऊन तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार, या अटीवर. म्हणजे विटाळ नको म्हणून हा माणूस आपल्याच बैलगाडीच्या शेजारून पायी जायला राजी होता.

कोरोनातलं अंतर आणि हे अंतर एकच आहे असं मला म्हणायचं नाही. एक विषाणूला होतं, दुसरं माणसाला. एक चौदा दिवसांचं, दुसरं पिढ्यांचं. पण फुटांत मोजलं तर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून त्यांना वेगळं ओळखायची काहीतरी खूण हवी. मला एकच खूण सापडते. गाडीवानाच्या मनात बाकी नव्हती. त्या नऊ वर्षांच्या मुलाचं आपण काही देणं लागतो, असं त्याला वाटलं नाही. उलट, मुलांनीच त्याला दुप्पट द्यायचं होतं. फाटकापासून वीस पावलांवर उभं राहून ओरडणाऱ्या बाईच्या मनात ती होती. जे अंतर ठेवताना आपल्याकडे काही देणं तुंबत चाललंय असं वाटतं, ते माणसातलं अंतर. जे ठेवताना मोकळं मोकळं वाटतं, ते कुठलं? त्या सकाळचं माझं हुश्श मला इथं येऊन टोचायला लागलं.

देणं नेमकं कशाचं होतं? मी गेलो असतो तर काय केलं असतं? आमच्याकडे मयताच्या घरी जे चालतं ते बाहेरून बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल. चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते. माणसं येतात, सतरंजीवर बसतात, बराच वेळ कुणी बोलत नाही. मग येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो : कसं झालं? आणि घरातलं माणूस पहिल्यापासून सांगतं. सकाळी उठले, चहा घेतला, जरा बरं वाटत नाही म्हणाले… पुढचा माणूस येतो, परत पहिल्यापासून. विशीत असताना मला या प्रश्नाची चीड यायची. सगळ्यांना माहीत असतं, मग कशाला त्या बाईला परत परत बोलायला लावायचं?

आता वाटतं, त्यातच सगळं होतं. पहिल्यांदा सांगताना वाक्यं तुटतात. दहाव्या वेळी रडू ठरावीक ठिकाणी येतं. तिसाव्या वेळी मध्येच एखादी हसण्यासारखी आठवण शिरते. तेराव्यापर्यंत त्या घटनेची गोष्ट झालेली असते, आणि गोष्ट झाली की ती बाजूला ठेवता येते, हवी तेव्हा काढता येते. गोष्ट न झालेली घटना रात्री अडीचला येऊन छातीवर बसते. मानसोपचारवाले वेगळ्या शब्दांत काय म्हणत असतील ते म्हणोत, गावाकडं हे उपचार सतरंजीवर फुकट व्हायचे. कोरोनात ज्यांच्या घरी मयत झाली त्यांना ‘कसं झालं’ कुणी विचारलंच नाही. आम्हा सगळ्यांना आधीच माहीत होतं ना. कोरोनानं झालं.

फोन होता की, असं कुणी म्हणेल. होता. मी मित्राला त्या महिन्यात आठ-दहा फोन केले. पण फोनवर एक गोष्ट करता येत नाही, ती म्हणजे गप्प बसणं. सतरंजीवर पाच मिनिटं कुणी बोललं नाही तरी आपण तिथं असतो. फोनवर पाच सेकंद शांतता झाली की “हॅलो? आवाज येतोय का?” मग माणूस घाईनं म्हणतो, “हां हां, बरं हाय सगळं.” व्हॉट्सॲपवर मी तात्यांचा फोटो स्टेटसला ठेवला होता, ट्रॉलीतला, भाकऱ्यांच्या ढिगाशेजारचा. चोवीस तासांनी तो आपोआप गेला.

मित्र त्यानंतर झोपेनासा झाला होता, हे मला वर्षभरानं तिसऱ्याकडून कळलं. मदत नव्हती असं नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली ‘परिवर्तन’ संस्था आहे, डॉ. हमीद दाभोलकर आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं साध्या कार्यकर्त्यांना ‘मानसमित्र’ म्हणून तयार करतात. ऐकून घेणं हेच त्यातलं मुख्य काम. पुढं ऑक्टोबर २०२२पासून सरकारची टेलिमानस ही सेवाही १४४१६ या नंबरवर सुरू झाली. कुणाला गरज असेल तर त्यानं बेलाशक फोन करावा, त्यात कमीपणा काही नाही. पण त्या फोनवरच्या माणसानं तात्यांना पाहिलेलं नसतं. ट्रॉलीत त्यांच्या शेजारी मी बसलो होतो.

कोरोनात सगळेच लांब राहिले, हे मात्र खरं नाही. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंची गोष्ट त्या दोन वर्षांत सगळीकडे फिरत होती : १८९७च्या प्लेगमध्ये त्यांनी एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं आणि १० मार्चला त्याच आजारानं त्या गेल्या. ती पोस्ट शेअर करणाऱ्या आम्ही कुणीही कुणाला पाठीवर घेतलं नव्हतं. आणि घ्यायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. प्रत्येकानं तसं केलं असतं तर साथ वाढली असती. पण कुणीतरी घेतच होतं. तात्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून चितेवर ठेवलं ते महापालिकेच्या माणसांनी. दारोदार जाऊन ताप मोजला तो आशाताईंनी. त्यांच्यासाठी आपण टाळ्या वाजवल्या, दिवे लावले, आणि जून २०२१मध्ये राज्यभरातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. मला लांब राहता आलं, कारण माझ्या वाटचं जवळ जाणं कुणीतरी करत होतं. ही बाकी कुणाच्या नावावर लिहायची, मला अजून नीट कळलेलं नाही.

तात्यांची मात्र कळत होती, आणि ती मी बुडवली. २०२१च्या जुलैत परत पूर आला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले. सांगलीत पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेलं. शाळाशाळांत माणसं एकत्र आणून ठेवली होती, सहा फुटांचं नाव कुणी काढलं नाही. मी टेम्पोत बसून सांगलीला गेलो, दोन दिवस राहिलो. मास्क होता, तोही दुपारपर्यंत हनुवटीवर. तिथून मित्राचं गाव पाऊण तासावर. तात्यांना जाऊन तीन महिने झालेले. मी गेलो नाही. आता कुठला नियम आड येत होता? कुठला विषाणू? आता गेलो तर ‘आधी का नाही आलास’ हे त्याच्या डोळ्यांत दिसेल, याची भीती होती, बाकी काही नाही. देणं थकलं की माणूस दुकानाची गल्ली टाळतो, तसं.

हे वाचून कुणाला वाटेल की मी उगाच अपराधीपणा वाटत फिरतोय. त्या काळात आधीच कमी ताण होता का लोकांना? हा आक्षेप रास्त आहे. त्यातून मी जो फरक करतो तो असा. अपराधीपणात मी माझ्याकडेच बघत असतो. मी कसा, मी किती वाईट, मला झोप येत नाही. ती तीन वर्षं मी तेच केलं आणि त्यातून त्या घराला एक कप चहाइतकाही उपयोग झाला नाही. देणं म्हटलं की समोरच्याकडे बघावं लागतं. ते फेडता येतं, निदान थोडं तरी, आणि उशीर झाला म्हणून ते रद्द होत नाही.

२०२४च्या एप्रिलमध्ये मी गेलो. कळवून गेलो नाही, कळवलं असतं तर तो परत ‘येऊ नको’ म्हणाला असता. बागेत खरड छाटणी चालली होती. मित्र दारातच भेटला, “आता कशाला आलास?” म्हणाला. रागानं नाही, खरंच प्रश्न पडल्यासारखं. मला उत्तर सुचलं नाही. तो बागेकडं निघून गेला.

काकी आत होत्या. चहा टाकला. हातात हिरव्या बांगड्या होत्या, माझं लक्ष गेलेलं त्यांनी बघितलं. “फोडायला कोण आलंच न्हाई बघ,” त्या म्हणाल्या. “कोरोनाला भिऊन एक बाई घरात पाय ठेवंना. म्हणून ऱ्हायल्या. मग म्या बी म्हटलं, ऱ्हाऊ द्यात.” मी ऐकतच राहिलो. मयताच्या घरी येणाऱ्या माणसांबद्दल मी तीन वर्षं मनातल्या मनात जे काही गोड गोड रचलं होतं, त्यात बांगड्या फोडणाऱ्या बायका नव्हत्या. आणि त्याही सतरंजीवरच बसलेल्या असतात. (मिरजेपासून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढं ठेवला. कोरोनानं एकट्या पडलेल्या तरुण बाया तेव्हा प्रत्येक गावात होत्या. काकींनी ठराव न करताच केलं होतं.)

चहा झाला. मी विचारलं, “काकी, कसं झालं?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पदरानं ओटा पुसला, खाली बसल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. रविवार होता. तात्या बेदाण्याच्या शेडवर जाऊन आले होते, पाठ दुखतीय म्हणाले. चहा अर्धाच घेतला. वाक्यं तुटत होती. तीन वर्षं झाली होती तरी ती पहिल्यांदा सांगितल्यासारखी तुटत होती. मध्ये मध्ये त्या थांबायच्या, मीही गप्प बसायचो. बाहेर मोटर चालू झाली, बंद झाली.

ऊन उतरल्यावर मित्र आला. नळावर हातपाय धुतले, दारात उभा राहिला.

“कुठवर आलीस, आई?”

“मिरजंपतोर,” काकी म्हणाल्या. “गाडीत घातलं तितवर.”

तो भिंतीला टेकून खाली बसला. “तितनं पुढचं तुला म्हाईत न्हाई,” तो म्हणाला. “म्या सांगतो.”